फरक तेवढा लिहावा

१६ जानेवारी २०२०, गुरुवार. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात आदल्या दिवशीचा तिळगुळाचा डबा टेबलावर तसाच होता, आणि समोरच्या स्क्रीनवर रात्रीच्या बिल्डांपैकी अकरा लाल, म्हणजे पडलेले, दिसत होते. लॉग उघडून पाहिले तर प्रत्येकात एकच नकार होता : ५०१, एचटीटीपीएस वापरा. जावाच्या असंख्य लायब्ऱ्या जिथून उतरवल्या जातात त्या मेव्हन सेंट्रलने १५ जानेवारीपासून साध्या एचटीटीपीवरून येणाऱ्या विनंत्या घेणे बंद केले होते. निर्णय योग्य होता, कारण वाटेत कोणी फाइल बदलली तर साध्या एचटीटीपीवर ते कळायला मार्ग नसतो. सूचनाही आधीच जाहीर झालेली होती. आम्हाला करायचे होते ते एवढेच, की पत्त्यातल्या 'एचटीटीपी'पुढे एक 'एस' जोडायचा.

ते एक अक्षर एकशे चाळीस ठिकाणी जोडायचे होते. आमच्या जेनकिन्स या बिल्ड सर्व्हरवर तेवढे जॉब होते आणि मेव्हनची सेटिंग लिहिणारी शेल स्क्रिप्ट प्रत्येक जॉबमध्ये वेगळी चिकटवलेली होती. लाल फक्त अकराच का, याचेही उत्तर दुपारपर्यंत मिळाले. बाकीच्या जॉबना लागणाऱ्या लायब्ऱ्या त्या त्या मशीनच्या स्थानिक साठ्यात आधीच उतरलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना बाहेर जावेच लागले नव्हते. साठा रिकामा झाला किंवा नवे मशीन आले, की तेही पडणार होते. आम्ही तिघे बसलो. जॉब उघडायचा, ओळ शोधायची, दुरुस्त करायची, सेव्ह करायचे, पुढचा उघडायचा. संध्याकाळी सातला काम संपले असे आम्ही समजलो.

तीन आठवड्यांनी एका ग्राहकाला जुन्या आवृत्तीवर तातडीची दुरुस्ती हवी होती. त्या आवृत्तीचा जॉब कित्येक महिन्यांत चालला नव्हता आणि आमच्या नजरेतून सुटला होता. रात्री साडेअकराला तो लाल झाला, त्याच ५०१ने. कोडमधली चूक दोन तासांपूर्वीच दुरुस्त झाली होती, पण ती ग्राहकापर्यंत न्यायची गाडी फाटकातच अडली. या पुस्तकाचे बीज त्या रात्रीचे आहे.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकासाठी आधी थोडक्यात सांगतो. प्रोग्रामरने लिहिलेला कोड वापरणाऱ्याच्या हाती जाईपर्यंत मध्ये बरीच कामे असतात. रेपोमधून, म्हणजे कोडच्या साठ्यातून, कोड घ्यायचा, लायब्ऱ्या आणायच्या, कंपाइल करायचे, चाचण्या चालवायच्या, पॅकेज बांधायचे, ते ठरल्या जागी ठेवायचे आणि काही बिघडले तर संबंधितांना कळवायचे. ही कामे ठरल्या क्रमाने मशीनकडून करून घेण्यासाठी केलेली मांडणी म्हणजे बिल्ड जॉब. एका लहान टीमचे काम दोन-चार जॉबवर भागते. पण उत्पादने वाढली, प्रत्येकाच्या दोन-तीन आवृत्त्या एकाच वेळी चालू राहिल्या, त्या लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर बांधाव्या लागल्या, की गुणाकार सुरू होतो. दहा उत्पादने, तीन ब्रांच, दोन प्लॅटफॉर्म : साठ जॉब. त्यात जावाच्या दोन आवृत्त्या आल्या की एकशे वीस. हे जॉब एकमेकांसारखे असतात, पण हुबेहूब नसतात. सारी अडचण त्या 'सारखे' आणि 'हुबेहूब' यांमधल्या फटीत आहे.

या विषयाचा इतिहास बिल्ड सर्व्हरपेक्षा बराच जुना आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रामात चूक शोधण्यात गेली होती. दुरुस्ती केलेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. काय बदलले आणि त्यामुळे काय नव्याने बांधायला हवे, हे माणसाने डोक्यात ठेवायचे नाही, ते लिहून मशीनला द्यायचे, हा मेकचा गाभा. त्यात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. प्रत्येक सी फाइलसाठी वेगळा नियम लिहायची गरज नव्हती. 'डॉट सी'पासून 'डॉट ओ' कशी होते हे एकदा सांगितले की तो नियम दोन फाइलींना लागू पडे, तसाच दोनशेंनाही. या पुस्तकात पुढे जे सांगितले आहे त्याचे मूळ त्या एका सोयीत आहे.

पुढे १९९९मध्ये केंट बेक यांचे एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगवरचे पुस्तक आले, २०००मध्ये मार्टिन फाउलर यांनी सतत एकत्रीकरणावर लेख लिहिला आणि २००१मध्ये थॉटवर्क्समधून क्रूझकंट्रोल हा बिल्ड सर्व्हर बाहेर पडला. २००४मध्ये सन मायक्रोसिस्टम्समध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची यांनी हडसन लिहायला घेतले. माउसने चार ठिकाणी टिचकी मारून जॉब उभा राहतो, ही त्याची मोठी ताकद. सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यानंतर नावावरून वाद झाला आणि २०११च्या जानेवारीत बहुसंख्य मंडळी 'जेनकिन्स' हे नवे नाव घेऊन पुढे निघाली. पुण्या-बंगळुरूच्या माझ्या पिढीतल्या कितीतरी इंजिनिअरांनी बिल्ड म्हणजे काय हे त्याच स्क्रीनवर शिकून घेतले. मीही त्यांतलाच.

आणि त्याच स्क्रीनवर प्रत काढायलाही शिकलो. जेनकिन्समध्ये नवा जॉब करताना, असलेल्या जॉबवरून तो करण्याची सोय असते. नवे उत्पादन आले, त्यातल्या त्यात जवळचा जॉब शोधला, प्रत काढली, रेपोचा पत्ता बदलला, नाव बदलले, काम झाले. दहा मिनिटांचे काम. त्या दहा मिनिटांसाठी मी कोणालाच दोष देणार नाही, कारण रिलीज उद्यावर असताना समोरच्या माणसाला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. त्याची किंमत पुढे कधीतरी दुसरा कोणी मोजतो.

'मक्षिकास्थाने मक्षिका' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. मूळ पोथीच्या पानावर माशी चिकटून मेलेली होती, तर नकलनवीसाने आपल्या प्रतीतही नेमक्या त्या जागी एक माशी मारून चिकटवली. आमच्या एकशे चाळीस जॉबमध्ये अशी एक माशी होती. चाचण्या सुरू होण्याआधीची ओळ : नव्वद सेकंद थांबा. का थांबायचे, हे कोणाला ठाऊक नव्हते. ज्याने ती पहिल्यांदा लिहिली तो कंपनी सोडून गेला होता. ओळ काढायची हिंमत कोणाला होत नव्हती, कारण काढली आणि काही फुटले तर ते का फुटले हेही कळले नसते. एकशे चाळीस जॉब रात्री एकेकदा चालले तर नव्वद सेकंदांचे साडेतीन तास होतात. वर्षानुवर्षे आमची मशीन रोज रात्री साडेतीन तास, कोणालाही न कळलेल्या कारणासाठी, नुसती थांबून राहत होती.

ही माशी निदान सगळीकडे सारखी होती. प्रतींची खरी व्याधी वेगळी आहे. प्रत निघाली की तिचा मूळ जॉबशी संबंध तुटतो. पुढे एका जॉबमध्ये चाचण्यांची वेळमर्यादा वाढवली जाते, दुसऱ्यात कोणी मेमरी वाढवतो, तिसऱ्यात जुने लॉग पुसण्याची सोय लागते आणि बाकीच्यांत राहून जाते. वर्षभराने दोन जॉब शेजारी ठेवून पाहिले तर वीस ठिकाणी फरक दिसतात. त्यांतले कोणते मुद्दाम केलेले आणि कोणते नुसते राहून गेलेले, हे जॉब सांगत नाही.

मराठी वाचकाला ही व्याधी नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२मधली. त्यानंतर सुमारे तीन शतके तिच्या हाती लिहिलेल्या प्रती होत राहिल्या आणि पाठभेद साचत गेले. शके १५०६मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४मध्ये, एकनाथांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावल्याचे परंपरा सांगते. जॉबचा आणि त्या ग्रंथाचा तोल सारखा नाही, हे मला कळते. पण 'पाठभेद' हा शब्द मला आमच्या कामासाठी दुसऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा नेमका वाटतो. एकाच पाठाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या हातांनी चालत राहिल्या की त्या वेगळ्या होत जातातच. यावर उपाय दोनच : कोणता पाठ मूळ हे ठरवायचे, आणि बदल करायचा तो मूळ पाठातच करायचा, ही शिस्त पाळायची.

ही शिस्त मोठ्या प्रमाणावर कशी पाळता येते, याचे मला सर्वांत शिकवून गेलेले उदाहरण ओपनस्टॅकचे आहे. रॅकस्पेस आणि नासा यांनी २०१०च्या जुलैत सुरू केलेला हा क्लाउडचा मुक्तस्रोत प्रकल्प. वेगवेगळ्या कंपन्यांतले लोक त्यात कोड लिहीत होते, प्रकल्पाच्या पोटातले प्रकल्प झपाट्याने वाढत होते, आणि प्रत्येकाला जवळपास त्याच चाचण्या हव्या होत्या. एकेक जॉब माउसने उभा करणे तिथे शक्यच नव्हते. तिथल्या यंत्रणा सांभाळणाऱ्या गटाने जेनकिन्स जॉब बिल्डर हे साधन तयार केले. जेनकिन्स आपला प्रत्येक जॉब एका एक्सएमएल फाइलमध्ये साठवतो. ती फाइल हाताने लिहिणे नकोसे काम आहे. या साधनात आपण यॅमलमध्ये एक साचा लिहायचा, नावाच्या आणि आवृत्तीच्या जागी कंसात रिकामी घरे ठेवायची, आणि खाली प्रकल्पांची यादी द्यायची. साधन त्या यादीचा गुणाकार करते, एक्सएमएल फाइली तयार करते आणि जेनकिन्सला देते. चाळीस प्रकल्प आणि चार आवृत्त्या असतील तर एकशे साठ जॉब, पण वाचायला आणि दुरुस्त करायला साचा एकच.

त्याहून महत्त्वाचे दुसरे काही होते. साचा आणि याद्या गिटमध्ये होत्या, आणि त्यांतला प्रत्येक बदल कोडसारखाच दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून जात होता. कोणी, कधी, कशासाठी बदलले हे लिहिलेले राहत होते. नव्या प्रकल्पाच्या लोकांना जेनकिन्सच्या किल्ल्या मागाव्या लागत नव्हत्या. यादीत आपली ओळ घालून ती तपासायला पाठवली की पुरे. पुढे ओपनस्टॅकने जेनकिन्सही सोडले आणि झूल या स्वतःच्या यंत्रणेकडे वळले. २०१८च्या झूल ३मध्ये जॉबला पालक जॉब असतो : मूळ जॉबकडून सगळे वारशाने घ्यायचे आणि आपले वेगळेपण तेवढे सांगायचे. साधन बदलले, शिस्त तीच राहिली.

जॉब बिल्डरच्याच काळात नेटफ्लिक्समधून जॉब डीएसएल हे प्लगइन आले. त्यात यॅमलऐवजी ग्रूव्ही भाषा असते आणि एक बीजजॉब चालवला की तो बाकीचे जॉब उभे करतो. २०१६मध्ये जेनकिन्स २ आले आणि पाइपलाइनची व्याख्या कोडशेजारीच, जेनकिन्सफाइलमध्ये ठेवण्याची पद्धत रुळली. इथे एक जुनी चूक नव्या वेषात परत आली. जॉबच्या प्रती काढणे थांबले आणि जेनकिन्सफाइलच्या प्रती निघू लागल्या, शंभर रेपोमध्ये शंभर. त्यावर उतारा म्हणजे सामायिक लायब्ररी. पायऱ्या एका रेपोमध्ये लिहायच्या आणि प्रत्येक जेनकिन्सफाइलमध्ये तीन-चार ओळींत त्यांना हाक मारायची. गिटलॅबमध्ये हेच काम 'इन्क्लूड' आणि 'एक्स्टेंड्स' करतात, गिटहब ॲक्शन्समध्ये २०२१पासून पुन्हा वापरता येणारे वर्कफ्लो करतात.

साधनांची नावे बदलत राहतील. म्हणून या पुस्तकात मी साधनापेक्षा पद्धतीवर जास्त पाने खर्च केली आहेत. ती पद्धत थोडक्यात अशी.

पहिल्यांदा असलेले जॉब शेजारी ठेवून फरकांचा तक्ता करावा. प्रत्येक फरकापुढे एकच प्रश्न विचारावा : हा हवा म्हणून आहे, की राहून गेला म्हणून? ज्याचे कारण सापडते तो यादीत जातो, ज्याचे सापडत नाही तो साच्यात विरतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि टाळता येत नाही. आम्हाला सहा आठवडे लागले.

दुसरे म्हणजे, साचा लिहिल्यावर तो लगेच सर्व्हरवर सोडू नये. जेनकिन्स जॉब बिल्डरमध्ये सर्व्हरला हात न लावता नुसत्या एक्सएमएल फाइली काढून पाहता येतात. बदलाआधीच्या आणि नंतरच्या फाइली ताडून पाहाव्यात. एका ओळीच्या बदलाने किती जॉब हलणार आहेत ते डोळ्यांनी दिसते. चार हलतील अशी अपेक्षा असताना चाळीस हलले, तर तिथेच थांबावे.

तिसरे म्हणजे, काढून टाकणेही यादीतूनच व्हावे. यादीतून नाव गेले तरी सर्व्हरवरचा जॉब आपोआप जाईल असे नसते. जॉब बिल्डरला तसे सांगावे लागते, जॉब डीएसएलमध्ये अशा जॉबचे काय करायचे ते ठरवून द्यावे लागते. नाहीतर मालक नसलेले जॉब रोज रात्री चालत राहतात आणि त्यांचा लाल रंग कोणी पाहत नाही. ज्या सर्व्हरवर लाल रंगाची सवय झाली, तिथे खरा बिघाडही नजरेआड जातो.

चौथे म्हणजे, यादीतल्या मूल्यांकडे बारीक लक्ष द्यावे. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये पायथन ३.१० आले तेव्हा अनेकांनी आवृत्त्यांच्या यादीत ३.९च्या पुढे ३.१० लिहिले आणि बिल्ड पडला. अवतरणचिन्हे नसतील तर यॅमल ती दशांश संख्या समजते, शेवटचे शून्य गळते आणि मशीन पायथन ३.१ शोधायला जाते. साच्यात एका जागी चूक झाली की ती सगळीकडे पोचते, हे विसरून चालत नाही.

आणि इथे मला या विषयाची दुसरी बाजू तितक्याच कळकळीने सांगायची आहे. अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९च्या पुस्तकात मांडलेले 'ड्राय', म्हणजे 'पुनरावृत्ती करू नका', हे तत्त्व आपण सगळे पाठ केलेले असते. पुष्कळांना वाटते की ते सारख्या दिसणाऱ्या ओळींबद्दल आहे. त्यांचा रोख मात्र ज्ञानावर होता : एखादी माहिती व्यवस्थेत एकाच ठिकाणी, अधिकृतपणे असावी. दोन जॉब आज योगायोगाने सारखे दिसतात म्हणून ते एका साच्यात कोंबले, तर उद्या त्यांचे रस्ते वेगळे होतात आणि साच्यात 'अमुक असेल तर तमुक' अशा अटी वाढू लागतात. पंधरा-वीस अटींचा साचा वाचण्यापेक्षा दोन वेगळे जॉब वाचणे केव्हाही सोपे. चुकीच्या अमूर्तीकरणापेक्षा पुनरावृत्ती स्वस्त पडते, असे सँडी मेट्झ यांनी बजावून सांगितले आहे. माझा अनुभव तोच आहे. पहिल्या उत्साहात आम्ही मोबाइल ॲपचे जॉबही सर्व्हरच्या साच्यात बसवले होते. सात महिन्यांनी ते वेगळे काढले, आणि त्या दिवशी दोन्ही साचे पुन्हा वाचता येऊ लागले.

दुसरा धोका विश्वासाचा. २०२५च्या मार्चमध्ये गिटहबवरच्या 'टीजे-ॲक्शन्स'च्या, बदललेल्या फाइली शोधून देणाऱ्या, एका सामायिक ॲक्शनमध्ये कोणीतरी घातक कोड घातला आणि जुन्या आवृत्त्यांच्या खुणाही त्या कोडकडे वळवल्या. ती ॲक्शन २३ हजारांहून अधिक रेपोमध्ये वापरली जात होती. बिल्डच्या लॉगमध्ये गुप्त किल्ल्या छापल्या जाऊ लागल्या. ज्यांनी आवृत्तीच्या नावाऐवजी तपासलेल्या कमिटचा पूर्ण क्रमांक लिहून ठेवला होता, त्यांचे बिल्ड जुन्या, स्वच्छ कोडवरच चालत राहिले. एका जागी दुरुस्ती होते याचाच अर्थ एका जागी घातही होऊ शकतो. म्हणून सामायिक गोष्ट वापरताना ती नेमकी कोणत्या रूपातली हे पक्के बांधून ठेवावे. आपल्याच घरची लायब्ररी असली तरी तिच्या आवृत्त्या कराव्यात, नवा बदल आधी दोन-तीन जॉबवर चालवून पाहावा आणि मग बाकीच्यांना द्यावा.

या पुस्तकाच्या पहिल्या भागात फरकांचा तक्ता कसा करावा ते आहे, दुसऱ्यात साचे आणि याद्या, तिसऱ्यात सामायिक लायब्ररी आणि तिच्या आवृत्त्या, आणि चौथ्यात जुन्या सर्व्हरवरून नव्या पद्धतीकडे काम न थांबवता कसे जावे याचे टप्पे. उदाहरणे जेनकिन्सची जास्त आहेत, कारण मला ते आतून माहीत आहे. दुसरी यंत्रणा वापरणाऱ्याला पहिला भाग तसाच्या तसा उपयोगी पडेल.

हे मराठीत का, असे मला मित्रांनी विचारले. आमच्या टीममध्ये बिल्ड सांभाळायला बहुतेक वेळा सर्वांत नवा मुलगा किंवा मुलगी येते. नांदेडहून, साताऱ्याहून, रत्नागिरीहून आलेली ही मुले पहिल्या वर्षी रात्रीचे लाल बिल्ड एकट्याने निस्तरतात. साधनांची इंग्रजी माहिती त्यांना वाचता येते. पण हे असे का करायचे, हे कोणीतरी शेजारी बसून आपल्या भाषेत सांगितले तर किती फरक पडतो, ते मी पाहिले आहे. मला स्वतःला ते एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चहाच्या टपरीवर उभे राहून सांगितले होते. त्यांचे एक वाक्य मी तक्ता करताना रोज आठवत होतो : "अरे, दोन जॉब सारखे का आहेत ते नको सांगूस. वेगळे का आहेत ते सांग."

त्या नव्वद सेकंदांचे काय झाले, ते सांगून थांबतो. तक्ता करताना आम्ही ती ओळ एकेका जॉबमधून काढून चाचण्या चालवल्या. एकशे एकोणचाळीस जॉबना काहीही झाले नाही. एक पडला. त्याच्या चाचण्यांना एक जुना डेटाबेस लागत होता आणि तो उठून तयार व्हायला सव्वा मिनिट घेत होता. ज्याने ओळ लिहिली त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याने एका जॉबसाठी योग्य तेच लिहिले होते, उरलेल्यांना ते आम्ही चिकटवले. आता ती ओळ यादीत त्या एका उत्पादनाच्या नावापुढे आहे, आणि वर टिपण आहे : डेटाबेस तयार होईपर्यंत. परवा नव्याने आलेल्या मुलीने ते टिपण वाचले आणि ठरावीक वेळ थांबण्याऐवजी डेटाबेस तयार झाला का, हे विचारत राहण्याची पायरी लिहिली. बदल तपासायला माझ्याकडे आला होता. एका फाइलमधल्या दोन ओळी होत्या.